गावच्या पारावरचं सरकार चालवणारे क्रांतिसिंह

सरकार म्हटलं की खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तालुक्याची कचेरी उभी राहते. तिथला साहेब, शिपाई आणि मारावे लागणारे हेलपाटे. पण सरकार गावच्या पारावरही बसू शकतं, हे सातारा जिल्ह्यानं १९४३ ते १९४६ या काळात करून दाखवलं. त्या प्रतिसरकारचे अग्रणी होते क्रांतिसिंह नाना पाटील.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र. मूळ आडनाव पिसाळ, पण पाटीलकीमुळे पाटील हेच नाव रूढ झालं. शरीर कसलेलं, आवाज खणखणीत. काही काळ त्यांनी तलाठ्याची नोकरी केली. सातबारा, आणेवारी, वसुली या कागदांत कुणब्याची मान कशी अडकते, हे त्यांनी आतून पाहिलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. पुढं तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या.

१९४२ च्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. निःशस्त्र मोर्च्यावर गोळ्या चालतात म्हटल्यावर चळवळीनं रस्ता बदलला. कार्यकर्ते भूमिगत झाले आणि इंग्रजांचा अंमल गावागावांतून उखडायला लागले. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी अशी तरणी पोरं पुढं होती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वे लुटली गेली. कुंडल हे औंध संस्थानात होतं. इंग्रजी हद्दीतल्या पोलिसांना तिथं हात घालणं अवघड जाई, त्याचा मोठा उपयोग झाला.

पण नुसत्या लुटालुटीनं सरकार होत नाही. प्रतिसरकारचं खरं काम न्यायदान मंडळात चालायचं. बांधाचा तंटा, सावकारानं दाबलेली जमीन, टाकून दिलेली बायको, असे दावे गावातच, गावासमोर निकालात निघायचे. वकील नाही, स्टँप नाही, तारखेवर तारीख नाही. दारूबंदी होती. लग्नंही कमी खर्चात लागायची, त्यांना गांधी लग्न म्हणत. लग्नापायी कर्जात बुडणाऱ्या कुणब्याला ही मोठीच सवलत होती.

गुंड, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांच्या तळपायावर मात्र काठ्या बसायच्या. त्यावरून लोकांनी प्रतिसरकारचं पत्रीसरकार करून टाकलं. ही शिक्षा कठोर होती, आणि तिच्यावर टीकाही झाली. ती व्हायलाच हवी. न्याय देणाऱ्याच्याच हातात काठी आली की चूक दुरुस्त करायला वाव उरत नाही. तरीही एवढी वर्षं गावांनी या माणसांना लपवलं, भाकरी दिली, हे नुसत्या धाकानं होत नसतं.

नानांच्या घरादारावर, जमिनीवर जप्ती आली. डोक्यावर इनाम लागलं. पण ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर ते उघडपणे लोकांत आले.

त्यांच्या सभा म्हणजे मोठा सोहळा असायचा. भाषा अस्सल गावरान, दाखले शेतातले नि गोठ्यातले. माणसं पोट धरून हसायची आणि हसता हसता गप्प व्हायची, कारण चिमटा कधी सरकारला तर कधी समोर बसलेल्यांनाच असायचा. भाबडेपणा, भाऊबंदकी, लग्नातला डामडौल, काहीच सुटायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर ते आधी शेतकरी कामगार पक्षात आणि पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. दिल्लीला गेले तरी पेहराव आणि बोली गावाचीच राहिली. ६ डिसेंबर १९७६ ला त्यांचं निधन झालं. वाळव्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

आता प्रतिसरकारची गरज नाही. १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू आहे, ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली आहे. कायद्यानं हिशोब विचारता येतो, लाभार्थ्यांची यादी वाचून घेता येते, आणि त्यासाठी कुणालाही रानात लपावं लागत नाही. तरीपण कित्येक गावांत हजेरी भरत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि मग दोन-चार माणसांत गावाचा कारभार उरकला जातो. नानांच्या काळी माणसं रातोरात मैलोन्‌मैल चालत पारावर यायची. पंचायतीची पायरी तर घराजवळच आहे. ती चढायची की नुसतं कट्ट्यावर बसून सरकारला शिव्या घालायच्या, एवढंच ठरवायचं बाकी आहे.