क्ष-किरणांची किंमत मोजणारा डॉक्टर

रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात ज्याला कधीतरी उभे राहावे लागले आहे, त्याने एक गोष्ट पाहिलेली असते. श्वास रोखून धरण्याची सूचना रुग्णाला देऊन तंत्रज्ञ स्वतः मात्र आडोशामागे जातो आणि मगच कळ दाबतो. रुग्णाच्या मनात क्षणभर शंका चमकून जाते, पण छायाचित्र चांगले आले की तो ती विसरतो. या आडोशाची गरज ज्यांनी प्रथम ओळखली, त्यांत जर्मनीतील हाँबुर्ग शहराचे डॉक्टर हाइन्रिख आल्बर्स-श्योनबेर्ग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. दुर्दैव असे की, त्यांना स्वतःला तो आडोसा वेळेवर लाभला नाही.

१८६५ साली हाँबुर्गमध्येच त्यांचा जन्म झाला. लाइप्झिग येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते व्यवसायात स्थिरावत होते, तोच नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. राँटगेन यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. त्यामुळे अवघ्या काही महिन्यांत डॉक्टर, छायाचित्रकार आणि जत्रेतले खेळवाले असे सगळेच क्ष-किरणांच्या नळ्या वापरू लागले. आपल्याच हाताची हाडे पाहण्याचे कौतुक कोणाला नसणार? या गर्दीत आल्बर्स-श्योनबेर्ग यांचे वेगळेपण असे की, हे शास्त्र आहे आणि त्याला शिस्त हवी, हे त्यांनी लवकर ओळखले. १८९७ मध्ये त्यांनी गेऑर्ग डायके यांच्यासह क्ष-किरण संस्था उघडली आणि त्याच वर्षी या विषयाला वाहिलेले नियतकालिकही सुरू केले. ज्या विद्येचे वय पुरते दोन वर्षांचेही नव्हते, तिच्यासाठी काढलेले हे नियतकालिक आजही चालू आहे.

नळीतून किरण किती तीव्र येतात हे अजमावण्यासाठी त्या काळचे डॉक्टर स्वतःचाच हात नळी आणि पडदा यांच्यामध्ये धरीत. दिवसातून अनेकदा आणि वर्षानुवर्षे हे चाले. कातडी लाल होई, सोलवटे, जखमा भरत नसत. पण विजेचा किंवा रसायनांचा परिणाम म्हणून त्याकडे दुर्लक्ष होई. १९०२ मध्ये हाँबुर्गमध्येच फ्रीबेन या डॉक्टरांनी एका कामगाराचा हात वैद्यकसभेपुढे मांडला. नळ्यांचे प्रात्यक्षिक दाखविणे हे त्या कामगाराचे काम होते आणि त्याच्या हाताच्या पाठीवर कर्करोग झाला होता. ज्या किरणांनी पुढे शरीरातील गाठी शोधायच्या होत्या, तेच किरण गाठी निर्माण करतात, हे असे उघड झाले.

पुढच्याच वर्षी आल्बर्स-श्योनबेर्ग यांनी गिनीपिग आणि ससे यांवर प्रयोग करून दाखविले की, बाहेरून काहीही न दिसता क्ष-किरणांमुळे नरांना वंध्यत्व येते. घाव फक्त कातडीवर पडत नाही, तो आत खोलवर जातो, हा त्याचा अर्थ. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या तंत्रविषयक ग्रंथात त्यांनी डॉक्टरांच्या रक्षणाचाही विचार केला. १९०४ मध्ये त्यांनी संगमरवरासारखी दाट दिसणारी आणि तरीही सहज मोडणारी हाडे असलेल्या एका तरुणाची छायाचित्रे सादर केली. तो विकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मे १९०५ मध्ये बर्लिनमध्ये जर्मन राँटगेन सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांच्या जोडीला रिखार्ड एबरलाइन हे पशुवैद्य आणि बर्नहार्ड वाल्टर हे पदार्थवैज्ञानिक होते, हे विशेष. व्यावसायिकांची संस्था म्हटली की तिच्यामागे मानमरातब आणि शुल्काचे दर यांचेच राजकारण असणार, असा आपल्याकडे समज आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु येथे गरज निराळी होती. एकट्या डॉक्टरला स्वतःच्या हातावरची जखम ही केवळ जखम वाटे; चार शहरांतील डॉक्टर एकत्र बसले की ती एक घटनामालिका दिसू लागे. आज कर्करोगाचे चित्रण करणाऱ्या तज्ज्ञांच्या ज्या संस्था देशोदेशी आहेत, त्यांचे कूळ अशाच बैठकांपर्यंत मागे जाते.

स्वतः आल्बर्स-श्योनबेर्ग यांना या ज्ञानाचा उपयोग झाला नाही. पहिल्या वर्षांत हातांनी सोसलेले किरण परत घेता येत नव्हते. हातांवर कर्करोग उद्भवला. उजव्या हाताचे मधले बोट आणि पुढे डावा हात कापून टाकावा लागला. काम मात्र त्यांनी सोडले नाही. १९१९ मध्ये हाँबुर्गला नवे विद्यापीठ निघाले, तेव्हा क्ष-किरणशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. जर्मनीत या विषयाचे प्राध्यापक होण्याचा पहिला मान त्यांचा. दोनच वर्षांनी, ४ जून १९२१ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

ज्या संत गेऑर्ग रुग्णालयात त्यांनी क्ष-किरण विभाग चालविला, त्याच्या आवारात १९३६ मध्ये जर्मन राँटगेन सोसायटीने एक स्मारकशिला उभारली. क्ष-किरण आणि रेडियम यांच्यामुळे प्राण गमावलेल्या १६९ जणांची नावे तिच्यावर कोरली होती. ही नावे एका देशाची नव्हती. त्यांत डॉक्टर होते, पदार्थवैज्ञानिक होते, तंत्रज्ञ आणि परिचारिकाही होत्या. नंतरच्या वर्षांत आणखी नावे येत गेली, मूळच्या शिळेवर जागा उरली नाही, आणि शेजारी नवे दगड उभे करावे लागले.