अभिनेत्री दुर्गा खोटे

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट तयार केला, तेव्हा राणी तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळेना. पुष्कळ शोध करून ते थकले आणि अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवून त्यांनी तारामती उभी केली. पुढे एकोणीस वर्षांनी तीच हरिश्चंद्राची कथा पडद्यावर मराठीतून बोलू लागली. ह्या खेपेस तारामतीची भूमिका मुंबईतील एका प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित स्त्रीने केली होती. त्या म्हणजे दुर्गा खोटे.

मधल्या काळात स्त्रिया पडद्यावर आल्याच नव्हत्या, असे नाही. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ ह्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला यांनी कामे केली होती. परंतु घरंदाज म्हणवणारे लोक ह्या व्यवसायाकडे तुच्छतेने पाहत. घरातील मुलगी नाटकात किंवा सिनेमात गेली, की कुळाला बट्टा लागला असे ते समजत. स्त्रीवेषातील बालगंधर्वांवर लुब्ध होणारा हाच समाज प्रत्यक्ष स्त्री रंगभूमीवर आली की नाक मुरडीत असे, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी झाला. त्यांचे वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील सॉलिसिटर. घरी कशाचीही वाण नव्हती. कॅथीड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर कॉलेजात दुर्गाबाईंचे शिक्षण झाले. लहान वयातच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. सासरही संपन्न होते. बकुल आणि हरिन असे दोन मुलगे झाले. परंतु लक्ष्मी चंचल असते. हळूहळू सासरची संपत्ती ओसरली, आणि ज्या बाईला आजवर पैशाचा विचार करावा लागला नव्हता, तिला मुलांच्या पोटापाण्याची चिंता पडली.

अशा अडचणीच्या वेळी मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ ह्या चित्रपटात एक छोटेसे काम चालून आले. दुर्गाबाईंनी ते स्वीकारले. १९३१ साली तो चित्रपट प्रदर्शित झाला आणि लोकांनी त्याला नावे ठेवली. टीकेचा रोख केवळ चित्रपटावर नव्हता. लाड आणि खोटे ह्या दोन्ही घराण्यांच्या नावांची चर्चा होऊ लागली. काम काही मिनिटांचे. पण त्यामुळे झालेली मानहानी फार मोठी होती. दुर्गाबाईंच्या मनाला ती खोल लागली.

ह्याच सुमारास कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीकडून बोलावणे आले. व्ही. शांताराम ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढीत होते. नुकतेच पोळलेले माणूस पुन्हा त्या विस्तवाजवळ जाताना शंभरदा विचार करील. दुर्गाबाईंनीही विचार केला असेलच. परंतु त्या माघारी फिरल्या नाहीत. त्या कोल्हापुरास गेल्या.

तेथील काम सोपे नव्हते. बोलपटाची कला अगदी बाल्यावस्थेत होती. पार्श्वगायन अद्याप रूढ झाले नव्हते. गाणी नटनटींनी चित्रण चालू असतानाच गावयाची असत. शिवाय हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत असल्यामुळे तेच प्रसंग दोनदा वठवावे लागत. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांच्याकडे होती. संगीत रंगभूमीवर मुरलेल्या ह्या कलावंतासमोर दुर्गाबाईंना उभे राहायचे होते. १९३२ साली चित्रपट लोकांसमोर आला. राजवैभवातून दासीपणात पडलेली, पुत्रशोकाने व्याकूळ झालेली तारामती पाहून प्रेक्षक हेलावून गेले. वर्षापूर्वी ज्या नावाची निंदा झाली, तेच नाव आता लोक आदराने घेऊ लागले.

त्या काळी नटनटी मासिक पगारावर एकाच कंपनीशी बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी ही चाकोरी मोडली. प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या, मग कलकत्त्यास जाऊन त्यांनी ‘राजरानी मीरा’ आणि देवकी बोस यांचा ‘सीता’ हे चित्रपट केले. ‘सीता’ १९३४ साली इटलीतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. १९३६ साली त्या पुन्हा शांतारामांकडे आल्या आणि ‘अमर ज्योती’ चित्रपटात सौदामिनी झाल्या. पोटच्या मुलावरील हक्क नाकारला गेल्यामुळे राज्यसत्तेविरुद्ध बंड करून समुद्रावर लूटमार करणारी ही स्त्री होती. सोशिक तारामती आणि संतप्त सौदामिनी ह्या एकाच अभिनेत्रीने उभ्या केल्या, हे सांगूनही खरे वाटू नये!

पुष्कळ नट एका साच्यात अडकतात. सीतेची भूमिका करून पूज्य ठरलेल्या दुर्गाबाईंनी मात्र आठच वर्षांनी ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी साकारली. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ चित्रपटातील त्यांची खाष्ट सासू पाहून लेकीबाळी दचकल्या असतील.

पडद्यावर एवढी कीर्ती मिळूनही त्यांना रंगभूमीची ओढ होती. नाटकात चुकलेले वाक्य पुन्हा घेता येत नाही आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी हीही कसोटी दिली. ‘भाऊबंदकी’मध्ये नानासाहेब फाटक राघोबादादा होत, तर दुर्गाबाई आनंदीबाई. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून वि. वा. शिरवाडकर यांनी रचलेल्या ‘राजमुकुट’ नाटकातही ही जोडी गाजली.

पुढे वय वाढले, तशा त्यांच्या वाट्याला आईच्या भूमिका आल्या. ‘मुघल-ए-आझम’ ह्या १९६० सालच्या चित्रपटात पती अकबर आणि पुत्र सलीम यांच्या कलहात सापडलेली जोधाबाई त्यांनी रंगविली. अकबर झाले होते पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांपूर्वी ‘सीता’ चित्रपटातील राम तेच होते. सत्तरीच्या उंबरठ्यावर केलेल्या ‘बिदाई’तील भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

सुखाबरोबर दुःखही वाट्याला आले. पुत्र हरिन ऐन उमेदीत निवर्तले. तरी दुर्गाबाईंनी काम सोडले नाही. स्वतःची संस्था काढून त्यांनी माहितीपट आणि लघुपट तयार केले. १९८८ साली दूरदर्शनवर घरोघर पाहिली गेलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची निर्मिती होय. आपल्या आयुष्याची कहाणी त्यांनी ‘मी दुर्गा खोटे’ ह्या मराठी पुस्तकात लिहून ठेवली.

१९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९८३ सालच्या चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मानासाठीही त्यांचीच निवड झाली. हा सन्मान दादासाहेब फाळके यांच्या नावाने दिला जातो. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, दुर्गाबाईंचे देहावसान झाले.