केडगावच्या पंडिता रमाबाई

आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांना संस्कृत आईने शिकविले. दुष्काळात आईवडील गेले. १८८२ साली पतीही गेले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्वजनांचा रोष ओढवला. पण तिकडच्या धर्मगुरूंचे म्हणणेही त्यांनी मुकाट्याने मानले नाही. मूळ ग्रंथ काय सांगतो, हे त्या स्वतः पाहत.

विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांच्या मनावर फार ठसली. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. परक्या स्त्रीशी बोलणेही गैर मानीत. अशा स्त्रीजवळ येशूने पाणी मागितले. ती रूढी ठाऊक नसेल तर ही नुसती तहानेची गोष्ट वाटेल. पाणवठ्यावरची शिवाशिव पाहिलेल्या आपल्याकडच्या बायकांना मात्र तिचा अर्थ सांगावा लागत नाही.

मुक्तीत आलेल्या दुष्काळग्रस्त बायकांना जुन्या मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर भाषा उमगेना. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मुळावरून साध्या मराठीत भाषांतर केले. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

भगिनींनो, आपली पोथी कोणतीही असो, ती कोणत्या काळी, कोणत्या लोकांना सांगितली गेली हे विचारण्याची सवय बाईंकडून घेण्यासारखी आहे.