नाणी तोलणारा गणिताचा प्रोफेसर : दामोदर कोसंबी

हैदराबादच्या बेगम बाजारात माल भरायला जाणाऱ्या आपल्या भागातल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द हमखास असायचे, हाली आणि कलदार. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजाचा तो कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार असा हिशेब. नाणं जुनं झालं की झिजतं आणि झिजलं की हलकं होतं, हे त्या बाजारात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. पण याच गोष्टीवरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांचा क्रम लावता येईल, हे डोक्यात आलं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाच्या. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

इतिहासाचे विद्यार्थी कोसंबींना ओळखतात. गणित आणि कॉम्प्युटरच्या विभागात मात्र हे नाव क्वचितच कानावर येतं. खरं तर पोट त्यांनी आयुष्यभर गणितावरच भरलं.

जन्म 31 जुलै 1907 चा, गोव्यातल्या कोसबे गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ज्ञानासाठी घरदार सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे फिरलेला माणूस. 1912 पासून सहा वर्षं ते फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठात काम निघालं, तेव्हा 1918 मध्ये ते दामोदर आणि थोरली मुलगी माणिक यांना घेऊन अमेरिकेला गेले. अकरा वर्षांचं गोव्याचं पोरगं तिथल्या शाळेत शिकू लागलं. मधली दोन वर्षं भारतात काढून दामोदर परत गेले आणि 1929 मध्ये हार्वर्डची पदवी उच्च श्रेणीत घेऊन मायदेशी आले. गणित, इतिहास, अर्धा डझन भाषा, सगळं घेऊन. पीएचडी मात्र केली नाही, आणि पुढेही कधी केली नाही.

पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात. दोन वर्षांनी अलीगढला बोलावणं आलं. तिथल्या गणित विभागाचा प्रमुख होता आन्द्रे वेय नावाचा फ्रेंच तरुण. त्याचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस. पुढे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांत त्याची गणना झाली. विभाग नव्याने उभा करायचा म्हणून त्याने हुशार माणसं गोळा केली. त्यात विजयराघवन होते आणि कोसंबी होते. तिथली एक गंमत सांगायलाच हवी. कोसंबींचा एका सहकाऱ्याशी खटका उडाला होता. त्याची जिरवायची म्हणून वेयने युक्ती सुचवली आणि कोसंबींनी 1931 मध्ये एक शोधनिबंध छापला. त्यात बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या सिद्धांताचा हवाला दिला. असा माणूस जन्मालाच आला नव्हता! काही वर्षांनी वेय आणि त्याच्या मित्रांनी फ्रान्समध्ये याच बुर्बाकी नावाने सामूहिक ग्रंथ लिहायला सुरुवात केली आणि ते नाव गणिताच्या जगात अजरामर झालं. गणिताच्या छापील लिखाणात ते पहिल्यांदा आलं ते अलीगढच्या स्टाफरूममधल्या या भांडणामुळे.

वेयची नोकरी लवकरच गेली, विजयराघवनही सोडून गेले आणि विभाग विस्कटला. कोसंबी पुण्याला आले, वडिलांच्याच फर्ग्युसनमध्ये. 1945 पर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षं ते इथे होते.

फर्ग्युसनच्या गणित विभागाला रँग्लर परांजप्यांची परंपरा. कमी पगारात जन्म काढायचा आणि वर्गात जीव ओतून शिकवायचं, ही तिथली रीत. कोसंबी शिकवण्यात कमी पडत होते असं म्हणता येणार नाही, पण शिकवत होते ते हार्वर्डच्या चालीने. परीक्षेपुरतं गणित पाहिजे असणाऱ्या पोरांना तो वेग झेपत नव्हता. त्यांची जीभही तिखट होती. चुकीला चूक म्हणताना समोर विद्यार्थी आहे की वरिष्ठ, हे ते बघत नसत. असा माणूस विभागात असणं हे भूषण आणि डोकेदुखी दोन्ही. आमच्या मते दोष एका बाजूचा नव्हता. ज्या कॉलेजचं सारं गणित तासिका आणि निकालांवर चालतं, तिथे संशोधनासाठी वेळ मागणारा माणूस नेहमी उपराच ठरतो, आणि कोसंबींना जुळवून घेणं कधी जमलं नाही.

पण याच बारा वर्षांत त्यांनी जे केलं ते बघा. 1934 मध्ये मद्रास विद्यापीठाचं रामानुजन पारितोषिक मिळालं. मग संख्याशास्त्र नीट समजून घ्यायला काहीतरी प्रत्यक्ष सामग्री हवी म्हणून ते जुन्या नाण्यांकडे वळले. तक्षशिलेला 1924 मध्ये चांदीच्या हजारावर नाण्यांचा साठा सापडला होता. नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. कोसंबींनी सूक्ष्म तराजूवर एकेक नाणं तोललं. टांकसाळीतून निघताना सगळ्या नाण्यांचं वजन जवळपास सारखं असतं. हातोहाती फिरताना सरासरी वजन घटत जातं आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढत जातो. जो गट जास्त झिजलेला, तो जास्त काळ बाजारात फिरलेला. नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असत. त्या तपासणीच्या असाव्यात, आणि खुणा जितक्या जास्त तितकं वजन कमी, हेही त्यांनी दाखवलं. पडताळा म्हणून चालू जमान्यातली हजारो नाणी तोलली, कारण त्यांच्यावर साल छापलेलं असतं. आम्ही कॉमर्सवाले घसारा शिकतो तो पुस्तकात. या माणसाने घसाऱ्यावरून कालगणना काढली.

1943 मध्ये त्यांनी भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय अवघड आहे, पण सोपा करून सांगता येतो. समजा, वीस वर्षांच्या पावसाचे वीस आलेख आहेत, प्रत्येक वेडावाकडा. असे सगळे आलेख काही ठरावीक मूळ रेषांच्या मिश्रणातून तयार करता येतात. त्यातल्या पहिल्या तीन-चार रेषांतच बहुतेक चढउतार सामावतो, बाकीचं किरकोळ खात्यात टाकलं तरी चालतं. पुढे तीन-चार वर्षांत फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच मांडलं आणि जगाने त्यांचीच नावं दिली. कोसंबींचं नाव पहिलं लावायला पुष्कळ उशिरा सुरुवात झाली. आज फोटो कमी जागेत बसवणं, चेहरा ओळखणं, प्रचंड आकडेवारी आटोपशीर करणं, यामागे हीच कल्पना आहे. आज डेटा सायन्स शिकणारी पोरं प्रिन्सिपल कंपोनंट काढतात ते याच्याच नात्यातलं. कोसंबींनी हे लिहिलं तेव्हा देशात एकही कॉम्प्युटर नव्हता.

दुसऱ्याच वर्षी आनुवंशशास्त्रात एक सूत्र आलं. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर मोजायचं ते सूत्र पिकांच्या संशोधनात आजही कोसंबी फंक्शन म्हणूनच वापरतात.

1945 मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली आणि कोसंबींना बोलावलं. संस्था मुंबईला आणि यांचं घर पुण्याला. सकाळी डेक्कन क्वीनने जायचं, संध्याकाळी परत, वाचन गाडीत. 1948-49 मध्ये इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रं बघायला युनेस्कोतर्फे ते इंग्लंड-अमेरिकेला गेले, शिकागोला शिकवलं, प्रिन्स्टनला राहिले. या यंत्रांचं महत्त्व इतक्या लवकर जवळून पाहिलेले भारतीय थोडेच. टाटा संस्थेचं टिफ्रॅक हे स्वदेशी यंत्र 1960 मध्ये चालू झालं, ते नरसिंहन यांच्याबरोबरच्या तरुण गटाने बांधलेलं. तोवर भाभा आणि कोसंबी यांच्यात अंतर पडलं होतं. भाभा अणुशक्तीचे, कोसंबींचं म्हणणं आपल्या देशाला सूर्याची ऊर्जा परवडते. 1956 मध्ये भारतीय इतिहासावरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं आणि नाव झालं. गणितात मात्र फसगत झाली. गणितातलं सर्वांत अवघड कोडं समजलं जाणारं रीमनचं अनुमान सुटल्याचा दावा करणारा निबंध त्यांनी 1959 मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही. इतका मोठा दावा आणि असलं नियतकालिक! हितचिंतकही गप्प झाले. 1962 मध्ये संस्थेने करार वाढवला नाही.

पुण्याच्या आसपासच्या टेकड्या ते पायी तुडवत. धनगरांच्या वाटा, शेंदूर फासलेले देव, गारगोटीची बारीक हत्यारं यांची नोंद करत, आणि जुने व्यापारी मार्ग कार्ले, भाजे, जुन्नरच्या लेण्यांशी कसे जुळतात ते दाखवत. 1964 पासून पुण्यातच मानद शास्त्रज्ञ म्हणून काम मिळालं.

29 जून 1966 च्या पहाटे झोपेतच त्यांचं निधन झालं. वय 58. त्याच वर्षी जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले होते, आणि मे महिन्यात रँग्लर परांजपे.