डॉ. द्वारकानाथ कोटणीस : परक्या भूमीवरील सेवापथकाचा नायक

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• डॉ. कोटणीस यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल.
• भिन्न देशांच्या आणि भिन्न कौशल्यांच्या माणसांना एकत्र बांधणारे नेतृत्व कसे घडते, हे स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, वैद्यकीय सेवा म्हटली की डॉक्टर आणि रुग्ण एवढीच दोन माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात उपचाराची सुरुवात दवाखान्याच्या कितीतरी अलीकडे होते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील एखाद्या वाडीवरून आजाऱ्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणणारे गावकरी, पुढे त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका, औषधे सांभाळणारा कर्मचारी आणि शेवटी डॉक्टर, अशी ती एक साखळी असते. तिचा एक दुवा तुटला तरी डॉक्टरांचे कौशल्य वाया जाते. ही साखळी स्वदेशात उभी करणे कठीण. मग परक्या देशात, परक्या भाषेत आणि युद्धाच्या धामधुमीत ती उभी करणे किती अवघड असेल? सोलापूरच्या एका तरुण डॉक्टराने ते काम केले. त्याचे चरित्र आपण या घटकात पाहणार आहोत.

जडणघडण
द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. पदवीनंतर उच्च शिक्षण घ्यावे, असा त्यांचा मानस होता. त्याच सुमारास एक वेगळीच हाक त्यांच्या कानी आली.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. जखमी सैनिकांची संख्या वाढत होती आणि प्रशिक्षित डॉक्टर फारच थोडे होते. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशवासीयांना आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निश्चित झाले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले डॉ. मदनमोहन अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि कोटणीस हे इतर सदस्य होत. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला दिलेला हा मदतीचा हात होता.

चीनमधील कार्य
१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली. हांखौ, चुंगकिंग अशा शहरांत सेवा करीत ते फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे पोहोचले. वाटेत असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घराची ओढ, ज्येष्ठांच्या पश्चात येणारी जबाबदारी आणि हाती घेतलेले काम यांतून निवड करण्याचा तो प्रसंग होता. ते परतले नाहीत. पुढे चोळकर व मुखर्जी मायदेशी आले. काही काळाने अटलही परतले. पाचांपैकी बसू आणि कोटणीस हे दोघेच मागे राहिले. बसूंनी येनानमध्ये काम चालू ठेवले, तर कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीच्या प्रदेशात गेले. १९४० च्या लढायांत त्यांनी सलग तीन दिवस-रात्र शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते.

या प्रदेशात त्यांच्याआधी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

नेतृत्वाचे स्वरूप
या रुग्णालयाला भव्य इमारत नव्हती. खेड्यातील घरे हेच त्याचे कक्ष होते. शत्रू जवळ आला की रुग्णांसह सारे बिऱ्हाड हलवावे लागे. अशा ठिकाणी शल्यविशारद, परिचारिका, विद्यार्थी, सैनिक आणि गावकरी यांची कामे एकमेकांत गुंतलेली असत. त्या सर्वांना केवळ आज्ञा देऊन चालवता येणार नव्हते.

कोटणीसांनी प्रथम चिनी भाषा आत्मसात केली आणि त्याच भाषेत ते वर्ग घेऊ लागले. दुभाष्याची भिंत दूर झाल्यामुळे शिकाऊ परिचारकालाही प्रमुखांशी थेट बोलता येऊ लागले. शस्त्रक्रिया करण्याइतकेच महत्त्व त्यांनी अध्यापनाला दिले. शल्यविद्येवर विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसऱ्याचे लेखन हाती घेतले. एका डॉक्टराच्या हातांची मर्यादा त्यांनी ओळखली होती. म्हणून त्यांनी नवे हात तयार करण्याचा मार्ग स्वीकारला. त्यांच्या नेतृत्वाचे मर्म येथे आहे.

याच काळात परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. त्यातील यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

अखेर
दरम्यान कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारांसाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता आणि दुसरे पुस्तक अपुरे राहिले होते. हा त्याग थोर आहे, यात शंका नाही. मात्र इतरांच्या प्रकृतीची काळजी वाहणाऱ्याने स्वतःच्या प्रकृतीकडे किती दुर्लक्ष करावे, हा प्रश्नही हे चरित्र आपल्यापुढे ठेवते. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. चीनमध्ये शिचियाच्वांग येथे त्यांची समाधी असून सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे.

सारांश
कोटणीस डॉक्टर म्हणून चीनला गेले आणि तेथे शिक्षक व संघटक झाले. सहकाऱ्यांची भाषा शिकणे, त्यांच्याबरोबर तेच कष्ट सोसणे आणि आपल्यामागे काम चालू राहील अशी माणसे घडवणे, या तीन गोष्टींतून त्यांचे नेतृत्व उभे राहिले. पाच जणांचे पथक विखुरल्यावरही कार्य थांबले नाही, याचे कारण त्यांनी तेथेच नवे पथक घडवले.

स्वाध्याय
१. भारतीय वैद्यकीय पथक चीनला पाठवण्यामागील पार्श्वभूमी सांगा.
२. चिनी भाषेचे ज्ञान कोटणीसांच्या कार्यात कसे उपयोगी पडले, ते स्पष्ट करा.
३. आजारपणातही काम न सोडण्याच्या कोटणीसांच्या निर्णयाविषयी तुमचे मत सकारण मांडा.

उपक्रम
भोर, वेल्हे किंवा आपल्या तालुक्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राला भेट द्या. तेथील आरोग्यसेविका, औषधनिर्माता, आशा स्वयंसेविका व डॉक्टर यांची कामे परस्परांवर कशी अवलंबून आहेत, याची दोनशे शब्दांत नोंद करा.