मृत्यूची मोजदाद आणि शिरस्त्राण

रस्त्यावरील अपघाती मृत्यूला आपण सहसा दैवाचा घाला म्हणतो. परंतु असे मृत्यू नीट मोजले आणि त्यांची कारणे वेगळी काढली, तर त्यांतील पुष्कळसे टाळता येतात. हे दाखवून देणाऱ्यांत मेंदूचे शल्यचिकित्सक सर ह्यू केर्न्स यांचे स्थान अग्रभागी आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथे १८९६ साली जन्मलेले केर्न्स ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला आले. पुढे बॉस्टन येथे हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले. मे १९३५ मध्ये, 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून विख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स दोन सायकलस्वार मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून फेकले गेले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. उपचारार्थ पाचारण केलेल्या डॉक्टरांत केर्न्स होते. पण सहा दिवसांनी लॉरेन्स यांचे निधन झाले.

महायुद्ध सुरू झाल्यावर केर्न्स लष्कराचे सल्लागार झाले. १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी आकडेवारी मांडली. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी ठार झाले होते. शिरस्त्राण घातलेले जखमी त्यांना अवघे सात आढळले, आणि ते सातही वाचले होते. शिरस्त्राणामुळे प्राणांबरोबरच कामाचे दिवस व रुग्णालयांचा वेळही वाचेल, हा त्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्रालाही मान्य व्हावा असाच होता.

सात रुग्णांवर सिद्धान्त उभा राहत नाही, हे खरे. म्हणून त्यांनी अभ्यास चालूच ठेवला. नोव्हेंबर १९४१ मध्ये लष्कराने आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. त्यानंतर मृत्यू कसे घटत गेले, हे केर्न्स यांनी १९४६ साली महिनावार आकड्यांनिशी दाखविले. अर्थात पेट्रोलची टंचाई असली की वाहने कमी धावतात आणि मृत्यूही घटतात. म्हणूनच केवळ मृतांची बेरीज पुरेशी नसते. किती वाहने धावली, कोणी शिरस्त्राण घातले होते आणि इजा कोठे झाली, याची नोंदही लागते.

केर्न्स १९५२ साली निवर्तले. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी शिरस्त्राणसक्ती १९७३ साली आली. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने ती घातली. तरी हेल्मेट हँडलला अडकवून जाणारे स्वार आजही दिसतात. अपघाताच्या पंचनाम्यात शिरस्त्राणाची नोंद करणाऱ्या कारकुनाला ते काम क्षुल्लक वाटू नये. पुढच्या स्वाराचे प्राण त्याच नोंदीवर अवलंबून असतात.