अंत्युखियाची पंगत आणि संत पौल

नाताळच्या मंगल पर्वात ख्रिस्ती घराघरांतून बेथलेहेमचा गोठा उभा राहतो. मेंढपाळ येतात, पूर्वेकडील मागी येतात, देवदूत येतात. या देखाव्यात ज्याला कोठेही स्थान नाही अशा एका पुरुषाचे चरित्र आज सांगावयाचे आहे. येशूच्या हयातीत त्याची व येशूची भेट झाल्याचे कोठे नमूद नाही. त्याच्या पत्रांत बेथलेहेमचा उल्लेखही आढळत नाही. येशू दाविदाच्या वंशात, स्त्रीच्या पोटी आणि नियमशास्त्राच्या अधीन जन्मला, एवढे लिहून तो पुढे जातो. असे असूनही नाताळ हा पॅलेस्टाइनमधील एका लहानशा पंथाचा सण न राहता ग्रीकांचा, रोमनांचा आणि कालांतराने आपल्या वसई-गोव्याच्या लोकांचाही झाला, याचे श्रेय वाटावयाचे झाल्यास तार्सच्या पौलाचे नाव सर्वप्रथम घ्यावे लागेल.

त्याचे कार्य समजण्यासाठी तो काळ थोडा पाहिला पाहिजे. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी याने यरुशलेम घेतले आणि यहुदी भूमी रोमच्या छायेखाली आली. इ. स. ६ पासून तर यहुदीयावर रोमन अधिकारीच प्रत्यक्ष राज्य करू लागले. यहुदी समाजही एकजिनसी नव्हता. मंदिर आणि याजकपद यांच्या भोवती सदूकींचे वजन होते. नियमशास्त्र घराच्या उंबरठ्यापर्यंत, जेवणाच्या ताटापर्यंत आणू पाहणारे परूशी लोकांत मान्यता पावले होते. मृत समुद्राच्या परिसरात विरक्त जीवन कंठणारे एस्सेनी होते. परंतु यहुदी समाजाचा फार मोठा भाग या भूमीच्या बाहेर, अलेक्झांड्रिया, अंत्युखिया, रोम अशा शहरांतून विखुरलेला होता. त्यांची बोलभाषा ग्रीक झाली होती आणि त्यांचा धर्मग्रंथही ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून ग्रीकमध्ये उतरू लागला होता. त्यांच्या सभास्थानांत दर शब्बाथाला काही परराष्ट्रीय मंडळीही येऊन बसत. एकाच देवाची उपासना आणि नीतीचा कडक आग्रह यांनी ती आकृष्ट झालेली असत. त्यांना देवभीरू म्हणत. सुंता करून घेणे आणि खाण्यापिण्याचे सर्व नियम पाळणे त्यांच्यातील बहुतेकांना जड जाई, म्हणून ते दाराशीच थांबत. पौलाच्या चरित्रात या दाराशी थांबलेल्या माणसांना फार महत्त्व आहे.

किलिकिया प्रांतातील तार्स हे विद्येसाठी गाजलेले शहर. तेथे एका यहुदी कुटुंबात, बन्यामिनाच्या वंशात तो जन्मला. घरी त्याचे नाव शौल, रोमन व्यवहारात पौल. धर्मांतरानंतर त्याने नाव बदलले असा समज रूढ आहे, पण तो खरा नव्हे. त्या काळच्या परदेशस्थ यहुद्यांप्रमाणे त्यालाही दोन नावे होती, इतकेच. रोमन नागरिकत्व त्याला जन्मानेच लाभले होते असे प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथ सांगतो, आणि यरुशलेमात गमलियेल या थोर परूशी गुरूच्या पायाशी त्याने अध्ययन केले असेही सांगतो. शिवाय त्याच्या हातात तंबू तयार करण्याचा धंदा होता. पुढे आयुष्यभर तो शक्यतो स्वतःच्या श्रमाचेच अन्न खात राहिला.

येशूला इ. स. ३० च्या सुमारास क्रुसावर खिळण्यात आले. त्यानंतर तो उठला आहे आणि तोच मशीहा आहे, असे त्याचे अनुयायी यरुशलेमात सांगू लागले. तरुण शौलाला हे असह्य झाले. खांबावर टांगलेल्या मनुष्यावर देवाचा शाप असतो असे नियमशास्त्र मानते, मग असा मनुष्य मशीहा कसा? स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा दगड मारणाऱ्यांची वस्त्रे सांभाळत तो उभा होता. पुढे या पंथाच्या लोकांना पकडून आणण्यासाठी तो दिमिष्काकडे, म्हणजे आजच्या दमास्कसकडे निघाला. वाटेत काय घडले ते कृत्यांच्या ग्रंथात तीन वेळा विस्ताराने आले आहे. तेज, वाणी, आंधळेपणा आणि मग पुन्हा दृष्टी. चित्रकारांनी त्याला घोड्यावरून पाडले आहे, मात्र ग्रंथात घोडा कोठेच नाही. स्वतः पौल आपल्या पत्रांत हा प्रसंग दोन-चार शब्दांत उरकतो. देवाने आपला पुत्र आपल्याला प्रकट केला, तो परराष्ट्रीयांत त्याची सुवार्ता सांगण्यासाठी, एवढाच त्याचा आशय. हे इ. स. ३३-३४ च्या सुमाराचे. त्यानंतर तो अरबस्तानात गेला, दिमिष्कास परतला, तेथून टोपलीत बसून तटावरून खाली उतरून निसटला. तीन वर्षांनी यरुशलेमास जाऊन पंधरा दिवस पेत्रापाशी राहिला. पुढची बरीच वर्षे सीरिया आणि किलिकियात गेली. अखेर बर्णबाने त्याला तार्सहून शोधून अंत्युखियास आणले.

अंत्युखिया हे रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल साम्राज्यातील तिसरे शहर. येशूच्या अनुयायांना ख्रिस्ती हे नाव प्रथम येथेच मिळाले. आणि यहुदी व परराष्ट्रीय येथेच एका पंगतीला बसून जेवू लागले. प्रभुभोजन हा त्या काळी केवळ विधी नव्हता, ते खरेखुरे जेवण होते. म्हणून कोण कोणाच्या शेजारी बसतो हा शिष्टाचाराचा प्रश्न नसून मंडळी एक आहे की दोन, हा प्रश्न होता. मराठी वाचकाला पंक्तिभेद म्हटले की यातील तिढा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

परराष्ट्रीयांनी सुंता केल्याखेरीज त्यांचा उद्धार नाही, असे यहुदीयातून आलेले काही जण म्हणू लागले. तेव्हा इ. स. ४८-४९ च्या सुमारास पौल आणि बर्णबा यरुशलेमास गेले. सोबत तीत नावाचा सुंता न झालेला ग्रीक सहकारी पौलाने मुद्दाम नेला. तेथे प्रभूचा भाऊ याकोब, पेत्र आणि योहान यांच्याशी बोलणे झाले. तीतावर सुंतेची सक्ती झाली नाही. पेत्राने यहुद्यांकडे जावे, पौलाने परराष्ट्रीयांकडे, आणि यरुशलेमातील गरिबांची आठवण ठेवावी, असे ठरून हातात हात दिले गेले.

सुंतेचा प्रश्न सुटला, पण पंगतीचा सुटला नव्हता. पेत्र अंत्युखियास आला तेव्हा प्रथम सर्वांबरोबर जेवत होता. याकोबाकडून काही माणसे आल्यावर मात्र तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. इतर यहुदी त्याच्यामागे गेले, बर्णबासुद्धा गेला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर दोष दिला. या प्रसंगी पेत्राला भित्रा आणि याकोबाच्या माणसांना कर्मठ ठरवणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. दोनशे वर्षांपूर्वी अंतियोख राजाने यहुद्यांचा धर्म बुडवू पाहिला, तेव्हा निषिद्ध मांस तोंडात घालण्यापेक्षा मरण पत्करलेल्या पूर्वजांची स्मृती त्यांच्या मनात जिवंत होती. रोमन सत्तेखाली यहुदीयात असंतोष धुमसत असताना, परक्यांत मिसळणाऱ्यांकडे संशयाने पाहिले जात होते आणि त्याची झळ यरुशलेमच्या मंडळीलाच लागणार होती. दोन्ही बाजूंना गमावण्यासारखे होते. या वादात आपण जिंकलो असे पौल कोठेही लिहीत नाही, आणि ज्या अर्थी लिहीत नाही त्या अर्थी तो जिंकला नसावा. यानंतर बर्णबाची साथ सुटली. अंत्युखिया त्याचे घर राहिले नाही.

मग सुरू झाली ती पश्चिमेची दीर्घ वाट. फिलिप्पैमध्ये जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया ही त्याची यजमानीण झाली, आणि तेथेच छड्यांचा मार व तुरुंगही वाट्यास आला. थेस्सलनीका, अथेन्स आणि मग करिंथ. दोन बंदरांमधले हे श्रीमंत शहर. तेथे सम्राट क्लौद्याच्या हुकुमाने रोम सोडावे लागलेले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य त्याला भेटले. तेही तंबू करणारे. त्यांच्या घरी राहून, काम करीत त्याने दीड वर्ष काढले. यहुद्यांनी त्याला अधिपती गल्लियोपुढे उभे केले, तेव्हा तुमच्या धर्मशास्त्राच्या वादात मी पडत नाही म्हणून गल्लियोने सर्वांना हाकलून लावले. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून त्याचा अंमल इ. स. ५१-५२ च्या सुमारास येतो, आणि पौलाच्या साऱ्या कालगणनेला हाच एक भक्कम खुंटा आहे.

याच प्रवासांत त्याने पत्रे लिहिली, अथवा लिहवून घेतली असे म्हणणे अधिक बरोबर. रोमकरांस पाठविलेल्या पत्राचा लेखनिक तर्तिय आपला नमस्कार मध्येच घालून मोकळा होतो. त्याच्या नावावरील १३ पत्रांपैकी ७ निर्विवादपणे त्याची मानली जातात. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र इ. स. ५० च्या सुमाराचे. सर्वांत जुने शुभवर्तमान, मार्काचे, त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी आले. म्हणजे उपलब्ध ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत जुने शब्द या तंबूकाराचे आहेत. ही पत्रे ग्रंथ म्हणून लिहिलेली नाहीत. कोठे भांडण लागले, कोठे श्रीमंत आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, कोठे पुन्हा सुंतेचा आग्रह सुरू झाला, की पत्र निघे. गलतीकरांच्या पत्रात तर नेहमीचे आभारही नाहीत, संतापानेच प्रारंभ आहे.

एका पत्रात त्याने आपल्या यातनांची जंत्री दिली आहे. यहुद्यांकडून पाच वेळा एकोणचाळीस फटके, रोमनांकडून तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटणे. यातील पहिली बाब विचार करण्यासारखी आहे. सभास्थानाची शिक्षा सभास्थानाच्या सभासदालाच होऊ शकते. आपण यहुदी नाही एवढे म्हणून बाजूला होणे त्याला शक्य होते. तो बाजूला झाला नाही, पाचही वेळा त्याने पाठ पुढे केली. पौलाने यहुदी धर्म सोडून नवा धर्म काढला, असे जे सरसकट म्हटले जाते ते म्हणूनच मान्य करता येत नाही. त्याला हवी होती ती दोघांची एक पंगत.

त्यासाठी त्याने आयुष्यातील सर्वांत चिवट उद्योग आरंभिला, तो वर्गणीचा. यरुशलेमातील गरिबांची आठवण ठेवण्याचे वचन त्याने दिले होते. गलतिया, मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांनी आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, असे त्याने सांगितले. स्वतः दारिद्र्यात असलेल्या मासेदोनियाच्या लोकांनी शक्तीबाहेर दिले. करिंथकर मात्र वचन देऊन रेंगाळले आणि त्यांना त्याने दोनदा आठवण केली. पैशांवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांचे निवडलेले प्रतिनिधी बरोबर घेतले. परराष्ट्रीयांच्या हातचे हे दान यरुशलेमने स्वीकारले, तर परराष्ट्रीयांनाही स्वीकारले असा त्याचा अर्थ होता. रोमला पत्र लिहिताना त्याच्या मनात दुहेरी धास्ती दिसते. यहुदीयातील विरोधक काय करतील ही एक, आणि आपलेच बंधू हे दान घेतील ना, ही दुसरी. रोम आणि त्यापलीकडे स्पेन गाठावयाचे मनात असताना, उलट दिशेने, संकट ठाऊक असून तो यरुशलेमास निघाला. मिलेत येथे इफिसच्या वडिलांनी रडून त्याला निरोप दिला. हे इ. स. ५७ च्या सुमारास.

याकोबाने त्याचे स्वागत केले, पण पौल यहुद्यांना नियमशास्त्र सोडावयास शिकवतो अशी अफवा पसरल्याचेही सांगितले. ती खोटी पाडण्यासाठी नवस केलेल्या चार जणांचा खर्च सोसून त्याने त्यांच्यासह मंदिरात शुद्धीकरण करावे असे ठरले. पौलाने ते मान्य केले. तेथेच घात झाला. इफिसकर त्रोफिम या परराष्ट्रीयाला त्याने मंदिराच्या आतील अंगणात नेले, असा गलका उठला. त्या अंगणाच्या कठड्यावर, परक्याने आत पाऊल टाकल्यास त्याच्या मृत्यूस तोच जबाबदार राहील, अशा इशाऱ्याचे ग्रीक शिलालेख होते. त्यांपैकी एक १८७१ मध्ये सापडला आणि तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. जमावाच्या हातून रोमन सैनिकांनी पौलाला सोडविले ते बेड्या घालूनच.

पुढील कथा लवकर सांगता येते. कैसरियात फेलिक्साने त्याला दोन वर्षे अडकवून ठेवले. फेस्त आल्यावर त्याने नागरिक या नात्याने कैसरापाशी दाद मागितली. २७६ माणसांचे जहाज माल्टापाशी फुटले, सर्व बचावले. रोममध्ये पहाऱ्याखाली, भाड्याच्या घरात तो दोन वर्षे राहिला, आणि कृत्यांचा ग्रंथ तेथेच संपतो. नीरोच्या काळात त्याचा शिरच्छेद झाला अशी प्राचीन परंपरा आहे. ओस्तियाच्या मार्गावर त्याची समाधी मानली जाते. तेथील शवपेटीतील अस्थींचे अवशेष पहिल्या-दुसऱ्या शतकातील असल्याचे २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जाहीर केले.

त्या वर्गणीचे काय झाले? कृत्यांच्या ग्रंथात पौलाच्या तोंडी तिचा एक ओझरता उल्लेख आहे. ती स्वीकारली गेल्याचे कोठेही लिहिलेले नाही. इ. स. ६२ मध्ये याकोब मारला गेला. इ. स. ७० मध्ये मंदिर जळाले, कठडाही पडला. यरुशलेमची मंडळी पूर्वीच्या स्थानावर पुन्हा कधी आली नाही.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत दुसरे वाचन पौलाच्या नावावरील एका पत्रातून होते. ते त्याच्या हातचे नसून त्याच्या शिष्यपरंपरेतील असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. देवाची कृपा सर्व माणसांसाठी प्रकट झाली आहे, हा त्या वाचनाचा विषय. पत्र ज्याच्या नावे आहे तो तीत, पौलाने यरुशलेमास मुद्दाम बरोबर नेलेला तोच सुंता न झालेला ग्रीक.